जेवून आलो की ओव्हरक्लॉक गायब: कंपनीच्या बंदिस्त वर्कस्टेशनवरची एक चिवट तक्रार

तक्रार आधी सांगतो. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. सकाळी मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्‌झच्या मूळ ठोक्याला गुणणारा आकडा; ४० म्हणजे ४.० गिगाहर्ट्‌झ) ४० वर लावून ठेवलेला प्रोसेसर दुपारी जेवून आलो की ३६ वर आलेला असायचा. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, आणि मग चार-पाच दिवस अगदी गुण्यागोविंदाने ४० वर. परत लावला की बसायचा, म्हणून मीही बरेच दिवस ‘परत लावायचा’ यालाच उपाय समजून चाललो होतो. त्याच्या जोडीला आणखी एक भानगड होती. भर दुपारी मशीन मधूनच इतकं मंद व्हायचं की माउसही ओढत न्यावा लागे. दोन्ही एकच रोग आहे असं मी धरून बसलो आणि तिथेच महिनाभर फसलो.

मशीन म्हणजे एका मोठ्या कंपनीचं जुनं वर्कस्टेशन, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेलं. आत इंटेलचा झिऑन ई५-१६५० व्ही२. ६ कोअर, १२ थ्रेड, मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्‌झ, टर्बोत, म्हणजे गरजेपुरता आपोआप वाढणाऱ्या वेगात, जास्तीत जास्त ३.९, आणि १३० वॉट. चिप २०१३ची, म्हणजे आजच्या हिशेबाने म्हातारीच. पण तिचा मल्टिप्लायर उघडा आहे, म्हणजे बदलता येतो. त्याच सॉकेटात बसणाऱ्या ई५-२६०० मालिकेचा बंद असतो, तेव्हा पुढचं सगळं वाचायच्या आधी आपल्या चिपचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्या. २६ ने सुरू होत असेल तर इथलं ओव्हरक्लॉकिंग तुमच्या कामाचं नाही. साफसफाईचा भाग मात्र आहे, तो वाचा.

चिप उघडी असली तरी घर बंद. कंपनीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) टर्बो चालू-बंद, हायपरथ्रेडिंग चालू-बंद आणि पंख्याचा किमान वेग, एवढंच. मल्टिप्लायर नाही, व्होल्टेज नाही. त्यामुळे जे काही करायचं ते विंडोज उठल्यावर सॉफ्टवेअरमधून, थेट प्रोसेसरच्या रजिस्टरांत, म्हणजे सेटिंग ठेवायच्या त्याच्या आतल्या जागांत, लिहून. मी त्यासाठी थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्रॅम वापरतो. त्यात टर्बो रेशो लिमिट्स म्हणून खण आहेत: एक कोअर जागा असेल तर किती, दोन असतील तर किती, असं सहापर्यंत. माझ्या मशीनवर मूळचं चित्र असं, की एकच कोअर धावत असेल तर ३९, आणि सगळे कामाला लागले की ३६. मी सहाही खणांत ४० भरले.

एवढा आटापिटा कशाला, तर माझं काम पाण्याखालच्या व्हिडिओंचं. तारकर्ली-मालवणात स्कूबाला उतरणाऱ्या पर्यटकांचे कॅमेरे माझ्याकडे येतात. पाण्यात काही मीटर खाली गेलं की लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, सगळं निळंहिरवं दिसतं. तो रंग परत आणायचा, हलणारं चित्र स्थिर करायचं आणि गिऱ्हाईक मालवण सोडायच्या आत फाइल हातात द्यायची. एका खेपेची एक्सपोर्टची रांग १८ मिनिटं घेते. खाली गाडी चालू ठेवून बोटवाला हाक मारतो, “व्हिडिओ झालो काय रे?” तेव्हा दीड मिनिटसुद्धा मोठं वाटतं.

आता आधी काय काय चुकलं ते.

पहिला संशय झोपेवर. मशीन झोपलं, म्हणजे स्लीपमध्ये गेलं, की प्रोसेसरचा वीजपुरवठाच तुटतो. रजिस्टरात आपण लिहिलेलं जातं आणि उठताना बायोस आपले मूळ आकडे पुन्हा भरतो. हे खरंच आहे. त्यामुळे मला वाटलं, सापडलं. एका मंगळवारी काम कमी होतं, बसून दहा वेळा मशीन झोपवलं आणि उठवलं. दहाच्या दहा वेळा ४०. कारण थ्रॉटलस्टॉप चालू असेल तर मशीन उठताच तो स्वतःच आकडे पुन्हा लिहितो. झोप निर्दोष सुटली.

दुसरा संशय लाईटवर. आमच्याकडे लाईट जाणं हे काही बातमीत येण्यासारखं नाही. यूपीएस आहे, पण बदलताना झटका बसत असेल असं वाटलं. भिंतीवरचा स्विच बंद केला, यूपीएस पीं पीं करू लागला, एचडब्ल्यूइन्फो या वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पट्टीत वेग ४.० गिगाहर्ट्‌झच. पाच वेळा केलं. लाईटही निर्दोष.

मग माणूस करतो ते सगळं केलं. थ्रॉटलस्टॉप नवीन टाकला, जुना टाकला, विंडोजचा पॉवर प्लॅन बदलला, बायोसची छोटी बॅटरी बदलली. ती बॅटरी दुकानातून आणायला गेलो त्या दिवशी सगळं नीट चाललं, म्हणून दोन दिवस वाटलं की तीच कारण होती. अशा योगायोगाने जेवढा वेळ खाल्ला तेवढा कशानेच नाही.

शेवटी वही केली. तारीख, जेवणाआधीचा आकडा, जेवणानंतरचा आकडा. दोन आठवड्यांनी वही घेऊन स्वयंपाकघरात बसलो होतो, समोर आईचं कॅलेंडर. आईची घरगुती खानावळ आहे. फ्रीजमध्ये सुरमई, बांगडे असतात, म्हणून लाईट कधी गेली आणि कधी आली ते ती त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवते. सहज माझ्या तारखा तिच्या चौकोनांशी लावून बघायला लागलो.

“माझ्या कॅलेंडरात काय बघतस?” आईने विचारलं.

“लाईट कधी गेल्ली ता.”

“त्येका काय बघूचा? लाईट गेली की तुझो तो डबो पीं पीं करता, मगे तू जेवूक येतस.”

हेच. नेमका हाच क्रम मी एकदाही तपासला नव्हता. लाईट जाते, यूपीएस ओरडतो, बॅटरी वाचवायला मी मशीन झोपवतो आणि जेवायला येतो. नुसती झोप तपासली, नुसती लाईट तपासली. दोन्ही एकापाठोपाठ कधीच नाही. लगेच जाऊन स्विच बंद केला, मशीन झोपवलं, स्विच चालू केला, मशीन उठवलं. ३६. पुन्हा केलं. ३६.

आता मधल्या पायरीवर काय होतं ते बघायचं होतं. भिंतीवरचा स्विच बंद केला आणि या वेळी वेगाच्या आकड्याकडे न बघता खाली उजव्या कोपऱ्यातल्या लपलेल्या चिन्हांकडे बघत बसलो. थ्रॉटलस्टॉपचं चिन्ह हळूच नाहीसं झालं. वेग मात्र ४०च राहिला, कारण रजिस्टरात एकदा लिहिलेला आकडा प्रोग्रॅम मेला म्हणून पुसला जात नाही. तो पुसला जातो पुढच्या झोपेत. आणि तेव्हा पुन्हा लिहायला कोणी उरलेलं नसतं.

प्रोग्रॅम मारत कोण होतं? विंडोजचा टास्क शेड्युलर. मी थ्रॉटलस्टॉप लॉगिनबरोबर सुरू व्हावा म्हणून तिथे टास्क बनवला होता, जसा सगळे बनवतात. नव्या टास्कच्या ‘कंडिशन्स’ पानावर दोन खुणा आधीपासून केलेल्या असतात. एक, संगणक चार्जिंगवर असेल तरच टास्क सुरू कर. दुसरी, संगणक बॅटरीवर गेला तर टास्क थांबव. लॅपटॉपसाठी ठीक आहे. पण माझं डेस्कटॉप. त्याला कुठली बॅटरी? तर यूपीएसची. यूपीएसमधून मशीनला एक यूएसबी केबल जोडलेली होती, लाईट फार वेळ गेली तर मशीन आपोआप बंद व्हावं म्हणून. ती केबल जोडली की विंडोज यूपीएसलाच मशीनची बॅटरी समजतो. कोपऱ्यात बॅटरीचं चित्रही येतं. ते चित्र दोन वर्षं माझ्या डोळ्यासमोर होतं.

खात्रीसाठी टास्क शेड्युलरमधली हिस्ट्री चालू केली (ती मूळची बंद असते) आणि पुन्हा स्विच पाडला. टास्क थांबवल्याची नोंद लगेच आली.

वहीतला एक दिवस तरीही जुळत नव्हता. एका गुरुवारी लाईट गेलीच नव्हती आणि तरी जेवणानंतर ३६. तो उलगडा ‘सेटिंग्ज’ पानावर झाला. टास्क तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबव, ही खूणही आधीपासूनच केलेली असते. त्या आठवड्यात मी सोमवारपासून मशीन बंदच केलं नव्हतं. तीन दिवस भरताच शेड्युलरने थ्रॉटलस्टॉप थांबवला आणि पुढच्या झोपेत आकडे गेले.

तर दुरुस्ती. टास्क उघडून कंडिशन्समधल्या बॅटरीच्या दोन्ही खुणा काढा. सेटिंग्जमधली तीन दिवसांची खूण काढा. ‘जनरल’ पानावर सर्वोच्च अधिकाराने चालव, ही खूण करा, नाहीतर रजिस्टरांना हात लावायची परवानगी मिळत नाही. ट्रिगर ‘लॉगिन झाल्यावर’ असाच ठेवा. ‘संगणक सुरू झाल्यावर’ असा ठेवला तर विंडोज १० च्या फास्ट स्टार्टअपमध्ये तो फसतो. तिथे शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो, त्यामुळे सकाळी मशीन ‘सुरू’ झालं असं शेड्युलरला वाटतच नाही. आणि एक दुसरा ट्रिगर जोडा: ‘इव्हेंट घडल्यावर’, लॉग सिस्टम, सोर्स पॉवर-ट्रबलशूटर, क्रमांक १. मशीन झोपेतून उठलं की ही नोंद पडते. थ्रॉटलस्टॉप कुठल्याही कारणाने मेलेला असला तरी उठल्या उठल्या पुन्हा उभा राहतो. आधीच जिवंत असेल तर दुसरी प्रत उघडत नाही, ते काम ‘नवीन प्रत सुरू करू नको’ हा मूळचाच पर्याय करतो.

थ्रॉटलस्टॉपच्या ऑप्शन्समध्येही बॅटरीसाठी वेगळं प्रोफाइल निवडायची सोय आहे. यूपीएसवाल्यांनी ती बघून घ्यावी. तिथे दुसरं प्रोफाइल निवडलेलं असेल तर लाईट गेल्यावर आपलेच आकडे आपल्याच हाताने बदलतात.

प्रोग्रॅम उघडतच नसेल, ड्रायव्हर लोड झाला नाही असं सांगत असेल, तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का बघा. रजिस्टरांत थेट लिहिणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांना ती आडवी येते. ती बंद करणं म्हणजे कडी काढणं आहे. माझं एडिटिंगचं मशीन इंटरनेटवर जवळजवळ नसतंच, म्हणून मी काढली. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी काढली नसती, आणि ३६ वर सुखाने राहिलो असतो.

आकडा खरोखर लिहिला गेला का, हे वेगाच्या पट्टीवरून ठरवू नका. वेग भारावर अवलंबून, खाली-वर होतो. रजिस्टर वाचा. सोळा-आधारी पद्धतीत त्याचा क्रमांक १एडी. त्यात प्रत्येक खणाला दोन-दोन अंक. ४० म्हणजे सोळा-आधारीत २८, म्हणून माझ्या मशीनवर सगळं नीट असेल तर २८२८२८ अशी माळ दिसते. बिघडलेल्या दुपारी तिथे २४ दिसायचे, आणि अगदी उजवीकडे, एका कोअरच्या खणात, २७. ३६ आणि ३९ची ती सोळा-आधारी रूपं. एकदा हे डोळ्यात बसलं की नजर टाकताच कळतं.

आता तो दुसरा रोग, दुपारचं मांद्य.

यात वेग ३६ वर येत नसे, १२ वर येई. म्हणजे १.२ गिगाहर्ट्‌झ, या चिपचा तळ. हा फरक मी आधी बघायला हवा होता. ३६ म्हणजे आकडे पुसले गेलेत. १२ म्हणजे कोणीतरी ब्रेक दाबलाय. दोन्हींना ‘ओव्हरक्लॉक गेला’ असं एकच नाव दिलं की झालं, माणूस मल्टिप्लायर परत लावत बसतो आणि मशीन १२ वरच राहतं.

ब्रेक कोणी दाबला हे नव्या चिपांवर चटकन कळतं. हॅसवेल पिढीपासून पुढे थ्रॉटलस्टॉपच्या लिमिट्स खिडकीत कारणं लिहून येतात. माझी आयव्ही ब्रिज त्याच्या एक पिढी आधीची, तिथे ती सोय नाही. पण १९सी क्रमांकाचं रजिस्टर सगळीकडे आहे. त्यातला शून्यावा बिट (० किंवा १ असणारी एक खूण) सांगतो की प्रोसेसर स्वतः आत्ता तापलाय. दुसरा बिट सांगतो की प्रोसेसरला प्रोकहॉटचा, म्हणजे ‘तापलंय, वेग कमी कर’ असा एका तारेवरून येणारा इशारा मिळालाय, मग तो बाहेरून का आलेला असेना. त्यांच्या शेजारचे पहिला आणि तिसरा बिट आठवण ठेवतात: मागे कधी असं घडलं असेल तर आपण पुसेपर्यंत १ दाखवत राहतात. मोजणी शून्यापासून, उजवीकडून.

माझ्याकडे शून्यावा शून्य होता, आणि दुसरा १. कोअरचं तापमान ७१. म्हणजे प्रोसेसर तापलेला नव्हताच. त्याच्या शेजारी त्याला वीज पुरवणारे व्होल्टेज रेग्युलेटर तापत होते आणि बोर्ड ती तार ओढून प्रोसेसरला ‘थांब’ म्हणत होता.

अशा वेळी इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो थ्रॉटलस्टॉपमधली बीडी प्रोकहॉटची (बाहेरून आलेला तो इशारा मानायची) खूण काढून टाकण्याचा. काढली की वेग लगेच परत येतो, म्हणून लोक खूश. मला तो सल्ला पटत नाही. धुराचा अलार्म वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढण्यातला प्रकार आहे. खराब सेन्सरमुळे थंड मशीनही १२ वर अडकतं, तिथे तो उपाय चालेल. माझं मशीन सकाळी साडेआठला कधीच अडकत नव्हतं, दुपारी दोनलाच अडकायचं. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता.

झाकण काढलं. (आधी पॉवर केबल काढा, मग बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या.) पुढच्या जाळीच्या आतून धुळीची घोंगडी बसली होती, आणि ती नेहमीची भुरभुरणारी धूळ नव्हती. समुद्र माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा आत येते, मीठ ओलावा धरून ठेवतं आणि धूळ त्याला चिकटून ओल्या कापसासारखी होते. ब्लोअरने ती हलतही नाही. पत्र्याच्या कडांवर पांढरट खार, दोन स्क्रूंवर गंज. हीटसिंकच्या पात्यांमधून पलीकडचं दिसत नव्हतं.

आणि मुख्य गोष्ट, काळं प्लास्टिकचं डक्ट जागेवर नव्हतं. कंपनीच्या वर्कस्टेशनमध्ये पंख्याचा वारा रॅम आणि रेग्युलेटरांवरून वळवून नेणारं एक बेढब झाकण असतं. रॅम वाढवताना ते मीच काढलं होतं आणि ‘नंतर लावू’ म्हणून कपाटावर ठेवलं होतं. घरी जोडलेल्या पीसीत रेग्युलेटरांवर स्वतःचा हीटसिंक असतो. माझ्या बोर्डावर ते उघडे आहेत, कारण वारा त्या डक्टमधून येणार हे कंपनीने धरलेलं. १३० वॉटच्या हिशेबाने सगळं तोलून मोजून बसवलेलं. आपण त्यातला एक भाग कपाटावर ठेवायचा आणि वर मल्टिप्लायर वाढवायचा, म्हणजे झालंच.

साफ असं केलं. जाळी बाहेर काढून साध्या पाण्याने धुतली आणि दिवसभर वाळवली. ती नुसती जाळी आहे, तिला पाणी चालतं. बाकी कशालाही पाणी नाही. हीटसिंक काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या मऊ ब्रशने पाती एकेक करून पुसली. पंखा बोटाने धरून मगच ब्लोअर मारला, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी झाली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावली आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. डक्ट लावलं. बायोसमध्ये पंख्याचा किमान वेग वाढवला, आवाज थोडा वाढला, वाढू दे.

त्यानंतर अख्खा एप्रिल आणि मे गेला, दुसरा बिट एकदाही १ झाला नाही.

हिशेब मांडला तर जरा ओशाळायलाच होतं. ३६ वरून ४० म्हणजे ११ टक्के. १८ मिनिटांची रांग सव्वासोळा मिनिटांत होते. पण १२ वर अडकलेल्या दुपारी तीच रांग पाऊण तासाच्याही वर जायची. म्हणजे सगळा आटापिटा मल्टिप्लायरवर, आणि खरा वेळ खात होतं कपाटावरचं डक्ट.

४० च का, ४३ का नाही, हे विचाराल. लावून पाहिले. व्होल्टेज आपल्या हातात नाही. चिपला जे मिळतं त्यातच भागवायचं. ४३ वर मशीन चालतं, एक्सपोर्टही होतो. पण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याच्या) क्रमांक १९ च्या नोंदी पडायला लागल्या. ती ‘चूक झाली होती, दुरुस्त केली’ अशी नोंद असते. दुरुस्त झाली म्हणून सोडून द्यायची नाही. पुढची दुरुस्त होईलच असं नाही. दुसऱ्या दिवशी विंडोज कोसळून निळा पडदा आलाच, १२४ क्रमांकाचा. ४२ वर नोंदी नाहीत, पण सगळे कोअर भारात असले की थोड्या वेळाने वेग ३९-४० वर घसरायचा आणि पॅकेज पॉवरचा, म्हणजे अख्ख्या चिपच्या विजेचा, आकडा १३० वॉटला चिकटून बसायचा. ती पॉवर लिमिट. ६१० क्रमांकाच्या रजिस्टरात असते, आणि त्याचा ६३ वा बिट बायोसने १ केला असेल तर मशीन रीसेट होईपर्यंत ती कोणालाच बदलता येत नाही. माझ्या बायोसने केलेला आहे. थ्रॉटलस्टॉपच्या पॉवर लिमिटच्या खिडकीत कुलूप दिसलं तर तेच. मग ४२ लावून मिळवायचं काय? ४० वर १३०च्या खाली राहतो आणि तासभर हलत नाही.

बेस क्लॉक, म्हणजे मल्टिप्लायर ज्याला गुणतो तो मूळ ठोका, वाढवायच्या नादी लागू नका. तो १०० मेगाहर्ट्‌झ, आणि पीसीआय-एक्सप्रेस त्याच्याशीच बांधलेली, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क दोन्ही ओढले जातात. सुधारलेला बायोस चढवण्याचे व्हिडिओही पुष्कळ आहेत. आमच्याकडे बायोस चढवताना लाईट गेली तर बोर्ड गेला, आणि कंपनीच्या बोर्डाचा आकार वेगळा, पॉवर सप्लायचे कनेक्टर वेगळे. कुडाळ-कणकवलीच्या दुकानात बदली मिळत नाही. नवीन पिढीचं मशीन असेल आणि अपडेटनंतर व्होल्टेजचे पर्याय करडे पडले असतील, तर ते बहुधा तुमच्या हातून बिघडलेलं नाही: डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची फट जाहीर झाली, तेव्हापासून कंपन्यांनी अपडेटमधूनच ते बंद करायला घेतलं.

यूपीएसकडेही एकदा बघा. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉटचा, आणि तोही बॅटरी ताजी असताना. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर एकदम धावत असताना लाईट गेली आणि मशीन सरळ बंदच पडलं, तर मल्टिप्लायरला दोष द्यायच्या आधी यूपीएसची बॅटरी बदलून पाहा.

पावसाळ्यात इथे डायव्हिंग बंद, मशीनलाही काम नाही. पहिल्या वर्षी मी ते कापडाने झाकून ठेवून दिलं होतं आणि तेव्हाच आत खार धरली. आता जून ते ऑगस्ट एक दिवसाआड तासभर चालू ठेवतो, ३६ वरच, म्हणजे आतली हवा कोरडी राहते. सप्टेंबरात पहिल्यांदा ४० लावायच्या आधी जाळी धुतो, १९सी मधले आठवणीचे दोन्ही बिट पुसून शून्य करतो, दुपारी दोनला एक लांब एक्सपोर्ट लावतो आणि संपल्यावर ते बिट पुन्हा वाचतो. शून्य असले तर पहिल्या बोटीच्या व्हिडिओंना हो म्हणतो.